उन्हाचे सोंग

'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही,' ही म्हण आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. उन्हाबद्दलही तेच म्हणावे लागेल, असे आमच्या समाजशास्त्र मंडळाच्या सभेत एका मित्राने मला ऐकवले. उन्हाच्या तीव्र लाटेत एखादा जमाव, एखादी वस्ती, एखादे कार्यालय कसे वागते हे समजून घ्यावयाचे असेल, तर आपण भूमिका वाटून घेऊन त्याचा एक खेळ खेळावा, अशी सूचना मी त्या सभेत मांडली होती. "खेळ कशाला हवा? गच्चीवर चल, तिथे ऊनच ऊन आहे," असे तो म्हणाला आणि हशा पिकला. विनोद चांगला होता. त्यात अर्धे सत्यही होते. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेखप्रपंच.

मित्रहो, आपण नवी मुंबईत शिकतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडची भातशेती, मिठागरे, आगरी-कोळ्यांची गावे यांवर एक आखीव शहर उभे राहिले. त्या आखणीत रस्ते रुंद झाले, इमारतींना सेक्टरचे क्रमांक मिळाले, मोठमोठी मैदाने राखून ठेवली गेली. अशाच एका मैदानावर, खारघरच्या कॉर्पोरेट पार्क मैदानावर, रविवार दिनांक १६ एप्रिल २०२३ रोजी 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचा शासकीय सोहळा झाला. पुरस्कार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते दिला गेला. त्यांना मानणारे लाखो श्रीसदस्य महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आले होते. कित्येक जण आदल्या रात्रीपासूनच मैदानावर होते. व्यासपीठावर छत होते, समोरचा समुदाय उघड्यावर होता. कार्यक्रम सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत चालला. जवळपासच्या केंद्रावर त्या दिवशी ३८ अंशांच्या आसपास कमाल तापमानाची नोंद झाली. उन्हाच्या त्रासाने माणसे कोसळू लागली, रुग्णालये भरली आणि अखेर मृतांची संख्या १४ वर गेली. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती.

पुढे काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली, एकसदस्य समिती नेमली गेली, विरोधकांनी आरोप केले, सरकारने उत्तरे दिली. काही दिवसांतच दुपारी १२ ते ५ या वेळात शासनाने उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असेही जाहीर करण्यात आले. दोषी कोण या वादात मला येथे शिरावयाचे नाही. तो वाद लढविणारे समर्थ लोक आहेत. माझा प्रश्न निराळा आहे. अकरा-बारा वाजेपर्यंत ऊन असह्य झाले आहे हे त्या मैदानावरील जवळजवळ प्रत्येकाला आपापल्या अंगावर कळत असणार. मग लाखो माणसांना एकाच वेळी जे कळते आहे, ते 'आता थांबूया' या दोन शब्दांत कुणाच्याच तोंडून बाहेर का पडत नाही?

कुणी म्हणेल, ३८ अंश म्हणजे काय मोठेसे! विदर्भातल्या माझ्या एका मैत्रिणीने हेच म्हटले होते. तिच्या चंद्रपूरला ४५ अंशांतही लग्ने लागतात. तेथे फरक आहे तो हवेच्या ओलाव्याचा. हवा अंगाच्या कातडीपेक्षा तापली की शरीराला उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळण्याचा. कोरड्या हवेत तो भराभर वाळतो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तो अंगावरून नुसता ओघळतो, शरीर निवत नाही. विदर्भात घरोघरी असलेला पाण्याचा कूलर आपल्याकडे निरुपयोगी ठरतो त्याचेही कारण हेच. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशाला ४० अंशांची अट लावते, तर किनारपट्टीला ३७ अंश आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांची वाढ एवढ्यावरच लाट मानते. त्यातून ही मोजमापे सावलीतली असतात. उघड्या मैदानातील उन्हाचा ताप त्याहून पुष्कळ अधिक. शिवाय स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकीत असतो. अशी माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसली की वारा अडतो आणि प्रत्येकाच्या चारी बाजूंना असे दिवे जळू लागतात. तेव्हा गर्दीचे ऊन वेगळे आणि एकट्याचे ऊन वेगळे, हे आधी मान्य केले पाहिजे.

आता उपायांकडे वळू. मार्च उजाडला की पत्रके निघतात. भरपूर पाणी प्या. दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका. सैल, सुती, फिकट रंगाचे कपडे घाला. डोके झाका. श्रमाची कामे सकाळी-संध्याकाळी करा. यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि ही पत्रके लिहिणाऱ्यांची मी थट्टा करीत नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ अंशांवर गेला आणि नेहमीच्या मानाने सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाले असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले; त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ साली उष्णतेसाठी कृती-आराखडा केला. आपल्याकडे नागपूरने २०१६ पासून हा मार्ग धरला. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु पत्रक वाचताना माझ्या मनात एकच विचार येतो: हे सांगितले कुणाला जात आहे? 'दुपारी बाहेर पडू नका' हे ज्याला ऐकता येईल तो माणूस बहुधा आधीच पंख्याखाली बसलेला असतो. तुर्भ्याच्या बाजारात गोणी उचलणारा माथाडी, सकाळी नाक्यावर उभा राहून काम मिळालेला बिगारी, चार घरची धुणीभांडी संपवून एक वाजता पाचव्या घराकडे निघालेली मावशी, आपल्या सोसायटीच्या फाटकाशी पत्र्याच्या खोक्यात बसलेला रखवालदार, मोटारसायकलवर खाण्याचे डबे पोहोचविणारा पोरगा: यांना काय करावे ते माहीत नाही असे मुळीच नाही. थांबण्याचा अधिकार त्यांच्या हाती नाही, एवढेच.

हा अधिकार कुणाकडे असतो, तो वापरताना तो का कचरतो, आणि ज्याच्याकडे नाही तो गप्प का राहतो, हे व्याख्यानातून कळत नाही. ते कळण्यासाठी त्या माणसाच्या जागी उभे राहावे लागते. माझ्या सूचनेचा एवढाच अर्थ होता.

दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करण्याची ही रीत नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या सैन्यात नकाशावर सोंगट्या मांडून लढाईचा खेळ खेळत. त्यात एक जण शत्रू व्हायचा आणि त्याने मनापासून शत्रू व्हावे अशी अपेक्षा असे. रेडक्रॉससारख्या संस्था आज दुष्काळ-पुराच्या पूर्वतयारीसाठी असेच खेळ गावोगाव खेळवितात. पॅरिस शहराने ऑक्टोबर २०२३ मध्ये पारा ५० अंशांवर गेला आहे असे गृहीत धरून एक मोठी रंगीत तालीम केली; तीत शाळकरी मुलेही सामील झाली आणि वापरात नसलेल्या रेल्वेच्या थंड बोगद्यात आसरा घेण्याचा प्रयोग झाला. ज्या शहराने अजून ५० अंश पाहिलेले नाहीत ते त्याची तालीम करते, आणि आपण जे पाहून चुकलो आहोत त्याची तालीम करीत नाही, याला काय म्हणावे!

पण मला या सगळ्यांहून जवळचे वाटते ते ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांचे काम. त्यांच्या नाट्यप्रकारात अन्यायाचा एक छोटा प्रसंग करून दाखवितात, आणि तोच पुन्हा सुरू होतो तेव्हा प्रेक्षकांपैकी कुणीही 'थांबा' म्हणावयाचे, रंगमंचावर जाऊन त्या पात्राची जागा घ्यावयाची आणि आपल्या मते काय करावयास हवे होते ते करून दाखवावयाचे. पुढे बोआल रिओ शहराच्या नगरसभेवर निवडून गेले तेव्हा अशाच प्रयोगांतून निघालेल्या सूचनांचे १३ कायदे झाले. बंगालमध्ये 'जन संस्कृती' ही मंडळी १९८५ पासून खेड्यापाड्यांत हेच करीत आली आहेत. आपल्या मराठी मुलखाला तर यात परके वाटावे असे काहीच नाही. नाथांच्या भारुडांत जोशी, वासुदेव, महारीण, आंधळा-पांगळा अशी सोंगे येतात. कोकणात दशावतार आहे, जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा आहे. सोंग म्हणजे खोटेपणा हा अर्थ नंतरचा. ज्याचे सोंग घेतले त्याच्या तोंडून बोलण्याची मोकळीक हा त्याचा जुना अर्थ मला अधिक मोलाचा वाटतो.

असो. हशा ओसरल्यावर आम्ही पंधरा जण एका शनिवारी रिकाम्या वर्गात जमलो आणि खेळ खेळलो. खारघरचे नाव आम्ही मुद्दाम घेतले नाही. ज्या घरांतले माणूस गेले त्या घरांचे दुःख आमच्या खेळासाठी वापरण्याचा आम्हाला हक्क नव्हता. आम्ही एका काल्पनिक पुलाचे उद्घाटन ठरविले. वेळ एप्रिलमधली सकाळी ९ ची. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलली. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या: तू कोण, तुझ्यापाशी काय आहे, आणि तू उठून गेलास तर तुझे काय जाईल. उदाहरणार्थ: 'वय ६२, रक्तदाबाची गोळी घेतली आहे, सकाळपासून चहाशिवाय काही नाही, पाण्याची अर्धी बाटली, गावाहून बसने आलीस, बस ३ वाजता सुटेल, तोवर जाण्यास दुसरी जागा नाही.' एक जण संयोजक, एक जण ध्वनिक्षेपक सांभाळणारा, एक डॉक्टर, दोन पोलीस, एक पाण्याच्या टँकरवाला, एक अभियंता, बाकीचे समुदाय. दर पाच मिनिटांनी घड्याळ अर्धा तास पुढे जाई, आमचा एक मित्र फळ्यावर तापमान आणि हवेतला ओलावा लिही आणि प्रत्येकाने आपल्या बाटलीतून एक घोट कमी करावयाचा. प्रमुख पाहुणे उशिरा येणार होते. पाहुणे उशिरा येणे एवढी एकच गोष्ट आम्हाला कल्पनेतून आणावी लागली नाही.

पहिल्या डावात अकरापर्यंत समुदायातील चौघांचे पाणी संपले. बारापर्यंत तिघे 'कोसळले'. उठून कुणीच गेले नाही! वर्गाचे दार उघडे होते, खेळाच्या नियमांत उठण्यास मनाई नव्हती, तरी कुणी उठले नाही. नंतर आम्ही प्रत्येकाला कारण विचारले. एक म्हणाली, "माझ्या पुढच्या ओळीत गावातल्या मोठ्या बाई बसल्या होत्या. त्या बसल्या आहेत तोवर मी कशी उठू?" दुसरा म्हणाला, "एवढी चांगली जागा मिळाली होती, ती गेली असती." तिसऱ्याचे म्हणणे, "आपणच पहिले उठलो तर शिस्त मोडल्यासारखे दिसते." टँकर गर्दीच्या कडेला होता आणि मध्ये बसलेल्यांना तेथपर्यंत पोहोचता येत नव्हते, टँकरवाल्याला मात्र आपले पाणी कुणी घेत नाही, म्हणजे कुणाला तहान नाही, असे वाटत होते. संयोजक झालेला मुलगा तर मनापासून चकित झाला. तो म्हणाला, "मला कुणी सांगितलेच नाही." आणि ते खरे होते. डॉक्टरला सगळे दिसत होते, त्याच्यापुढे रोगी वाढत होते. परंतु त्याच्या हाती ध्वनिक्षेपक नव्हता. ध्वनिक्षेपकवाल्याच्या हाती तो होता, पण त्याने पाहुण्यांच्या स्वागताखेरीज काही बोलू नये असे ठरले होते. ज्याला कळत होते आणि ज्याला सांगता येत होते त्यांच्यामध्ये दहा पावलांचे अंतर होते, आणि ते ओलांडणे कुणाचेच काम नव्हते.

दुसऱ्या डावात आम्ही एक नियम बदलला. डॉक्टरला लाल झेंडा दिला. त्याने तो उंच केला की कार्यक्रम २० मिनिटे थांबलाच पाहिजे, लोकांनी सावलीत गेले पाहिजे. आम्हाला वाटले, सुटला प्रश्न. पण साडेअकराला पाहुणे आले, भाषण सुरू झाले, रोगी सहा झाले, आणि डॉक्टरच्या हातातला झेंडा टेबलावरच पडून राहिला! खेळ संपल्यावर ती मुलगी (या वेळी डॉक्टर एक मुलगी होती) म्हणाली, "भाषण चालू असताना मध्येच झेंडा कसा दाखवायचा? मला वाटले, पाचच मिनिटे राहिली आहेत, संपेलच." वास्तविक समोर प्रमुख पाहुणे म्हणून आमच्याच वर्गातला, कायम मागच्या बाकावर झोपणारा एक मुलगा बोलत होता. त्याच्याही भाषणाचा मान तिला मोडवला नाही. तेव्हा खऱ्या मैदानावर, खऱ्या सत्तेसमोर, एखाद्या तालुक्याच्या डॉक्टरची काय कथा!

तिसऱ्या डावात झेंडा आम्ही माणसाकडून काढून घेतला आणि आकड्याला दिला. पाचवा रोगी तंबूत आला की झेंडा आपोआप वर जाणार. डॉक्टरची इच्छा असो वा नसो, पाहुणे बोलत असोत वा नसोत. आणि काय गंमत पाहा, या डावात झेंडा वर गेलाच नाही. कारण संयोजक झालेल्या मुलीने आरंभीच हिशेब केला की दुपारी कार्यक्रम हमखास मोडणार आणि आपली नाचक्की होणार. म्हणून तिने पाहुण्यांना निरोप धाडून उद्घाटन सायंकाळी साडेपाचला नेले. तिच्या चिठ्ठीवर दयाबुद्धी वगैरे काही लिहिलेले नव्हते. नियम ठरलेला असल्याने शहाणपण तिला परवडले.

पंधरा विद्यार्थ्यांच्या एका दुपारच्या खेळाने काही सिद्ध होत नाही, हे संख्याशास्त्राच्या सरांनी सांगण्याआधी मीच सांगून टाकते. पण त्या खेळाने मला एक गोष्ट दाखविली, जी कोणत्याही पत्रकाने दाखविली नव्हती. उन्हाच्या वेळी माणसाच्या धैर्यावर विसंबून राहू नये. धैर्य पुरत नाही. थांबण्याची वेळ आधीच, गारव्यात बसून, आकड्यांत लिहून ठेवावी लागते. जगात असे केलेले आहे. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर मजुरीचे काम बंद असते. त्याशिवाय ऊन, ओलावा आणि वारा मिळून जो एक आकडा काढतात तो ३२.१ अंशांवर गेला की घड्याळात किती वाजले आहेत हे न पाहता काम थांबवावे लागते. तेथील मजुरांच्या हालांविषयी जगाने पुष्कळ बोंब मारल्यावर हे झाले, आणि तो नियम सगळीकडे काटेकोर पाळला जातो असा माझा दावा नाही. परंतु आकडा कागदावर आहे; मजूर त्याकडे बोट दाखवू शकतो. आपल्या नाक्यावरच्या बिगाऱ्याने कशाकडे बोट दाखवावे?

या खेळावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो आमच्यातच निघाला. दुसऱ्या शनिवारी आम्ही बाजार समितीवर आधारलेला डाव मांडला. आमच्या एका मित्राचे वडील तुर्भ्याला माथाडी आहेत. त्याला 'माथाडी' ही चिठ्ठी आली, तिच्यावर आम्ही मोठ्या सद्भावनेने लिहिले होते: 'दर तासाला १० मिनिटे विश्रांती घेऊ शकतोस.' त्याने ती वाचली आणि टेबलावर ठेवली. म्हणाला, "हमाली गोणीवर मिळते. टोळीत काम चालते. मी बसलो तर माझी गोणी दुसरा उचलणार आणि त्याला वाटणार, हा आमच्या जिवावर जगतो. हे तुमच्या चिठ्ठीत कुठे आहे? आणि माथाडी मी रोज घरी पाहतो, त्याचे सोंग मी का घ्यावे? मला व्यापारी करा." आम्ही त्याला व्यापारी केले. त्याने तो असा वठविला की आम्ही 'माथाडी' झालेले सारे घामाघूम झालो. गाडी रिकामी व्हायला उशीर झाला तर काय नुकसान होते, माल कसा सडतो, चालक कसा ओरडतो, हे त्याने आम्हाला इतके पटवून दिले की विश्रांती मागण्याची आमचीच छाती होईना. शेवटी त्यानेच सुचविले, की गोणीमागे दर न ठेवता दुपारच्या दोन तासांचा टोळीला एकत्र ठरावीक दर ठेवला, तर विश्रांतीचा भार कुणा एकावर पडणार नाही. सूचना योग्य की अयोग्य हे त्या धंद्यातल्या लोकांनी ठरवावे. माथाडींना १९६९ सालचा स्वतःचा कायदा आहे, मंडळे आहेत. बोलण्यास निदान जागा आहे. 

तेव्हा आक्षेप असा, की पंख्याखाली बसून गरिबाचे सोंग घेणे हा त्याचा अपमान आहे. मला हा आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच खेळाचे दोन नियम मी आग्रहाने मांडते. पहिला, दुःखाचा अभिनय करावयाचा नाही. कुणी भोवळ येऊन पडण्याचे नाटक करू नये, कण्हू नये. तेथे माझ्या मित्राचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. उन्हाचे सोंग आणताच येत नाही. आणता येते ते निर्णयाचे. दुसरा नियम, ज्याला जे रोज सोसावे लागते त्याला ती भूमिका देऊ नये. त्याला त्याच्या वरची द्यावी. रखवालदाराला सोसायटीचा चिटणीस करावे, मावशींना घरमालकीण, आणि चिटणीसांना चार तास पत्र्याच्या खोक्यातली चिठ्ठी द्यावी. रखवालदार चिटणीस झाला की पहिली गोष्ट काय करील, याचा अंदाज बांधण्यास समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

मैदान आणि बाजार यांखेरीज तिसरी जागा आपल्या घराशेजारची. अमेरिकेत शिकागो शहरात जुलै १९९५ च्या लाटेत ७३९ माणसे दगावली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे २००२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यात दोन शेजारशेजारच्या वस्त्यांची तुलना आहे. दोन्ही गरीब, दोन्हींत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ. तरी एका वस्तीत मृत्यूचे प्रमाण फार मोठे आणि दुसरीत फार कमी. कमी होते तेथे रस्ते गजबजलेले होते, दुकाने होती, म्हातारी माणसे घराबाहेर पडून गार दुकानात जाऊन बसत होती. दुसरीकडे रिकामे भूखंड आणि भीती, त्यामुळे दारे बंद. हे वाचताना मला आपली गावठाणे आणि आपले सेक्टर आठवले. गावठाणात घरे दाटीवाटीची, वारा कमी, पत्रा तापतो. पण ओट्यावरची आजी सकाळपासून दिसली नाही तर चार जणी दार ठोठावतात. सेक्टरमध्ये वारा आहे, गॅलरी आहे, आणि सातव्या मजल्यावर मुले परदेशी गेलेले आजोबा बंद दाराआड आहेत. वीज गेली, लिफ्ट बंद पडली, पाण्याचा पंप थांबला, म्हणजे त्यांच्यापर्यंत कोण जाणार? हा डाव आम्ही अजून खेळलेलो नाही. तो कॉलेजात न खेळता एखाद्या सोसायटीच्या वार्षिक सभेत खेळावा असे मला वाटते. एरवी त्या सभेत गाड्यांच्या जागेवरून जे रणकंदन होते त्याला तेवढाच विसावा.

गुरुजनांपैकी काहींना हे सारे पोरखेळ वाटेल, याची मला कल्पना आहे. इतिहासाच्या बाईंनी विचारले, "खेळून झाल्यावर पुढे काय?" योग्य प्रश्न आहे. पुढे काय, याचे उत्तर मी आपल्या कॉलेजपुरते देते. राष्ट्रीय सेवा योजनेचे श्रमदान, जिमखान्याचे सामने, पदवीदानाचा सोहळा, उन्हाळ्यातल्या परीक्षांना आलेले आणि फाटकाबाहेर उभे असलेले पालक, इतक्या वेळा आपण माणसांना उन्हात उभे करतो. यांतल्या प्रत्येक वेळी किती अंशांवर, किती ओलाव्यावर थांबावयाचे, हे आपल्या नियमपुस्तिकेत एका ओळीत लिहिता येईल. सावली कुठे, पाणी गर्दीच्या कडेला की मध्ये, आणि आकडा ओलांडला तर ध्वनिक्षेपकावरून कोण सांगणार, याच्या आणखी दोन ओळी. त्या ओळी आम्ही विद्यार्थ्यांनी नुसत्या निवेदनात लिहून दिल्या तर त्या कपाटात जातील. खेळून ठरविल्या तर निदान त्या कशासाठी आहेत हे ठरविणाऱ्यांना आठवेल.

म्हणून येत्या फेब्रुवारीत, ऊन चढण्याआधी, आम्ही एक डाव पदवीदान समारंभाचा मांडणार आहोत. मैदान आपलेच, वेळ दुपारी बाराची, पाहुणे उशिरा येणारे. चिठ्ठ्या तयार आहेत. प्राचार्यांनी त्या दिवशी फाटकावरच्या शिपायाची चिठ्ठी उचलावी, अशी त्यांना नम्र विनंती केली आहे. आमच्या शिपाईमामांनी प्राचार्य होण्याचे आधीच कबूल केले असून भाषण पाच मिनिटांच्या वर जाणार नाही असे त्यांनी सांगितले आहे.